कॉर्व्हेट सी-5: किल्ली आणि स्टिअरिंग लॉकचे इशारे आले की कुठून सुरुवात करायची

शेवरोले कॉर्व्हेटची पाचवी पिढी, म्हणजे सी-5, केंटकीतल्या बोलिंग ग्रीनच्या कारखान्यात 1997 ते 2004 या मॉडेल वर्षांसाठी बनली. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या अनेक मंडळींना परवडणारी पहिली खरी स्पोर्ट्स कार बहुतेक हीच असते, कारण सेकंडहँड बाजारात ती अजूनही आवाक्यात मिळते. हिवाळाभर ती गॅरेजमध्ये झाकून ठेवायची आणि बर्फ वितळला की बाहेर काढायची, असा शिरस्ता. नेमकी त्या वेळी किल्ली घातल्यावर डॅशबोर्डवरच्या पट्टीत अक्षरं उमटतात, 'पुल की, वेट 10 सेकंद' किंवा 'सर्व्हिस कॉलम लॉक', आणि माणूस हवालदिल होतो.

मग पहिला फोन गॅरेजला जातो आणि दुसरा स्टिअरिंग कॉलमच्या किमती विचारायला. मला हा क्रम उलटा करायचा आहे. इशाऱ्यात नाव कॉलमचं असलं, तरी पुष्कळ वेळा खोट विजेच्या दाबात निघते: उतरलेली बॅटरी, सैल टर्मिनल, गंजलेलं अर्थिंग, झिजलेला इग्निशन स्विच. या गोष्टी घरच्या घरी, थोड्या हत्यारांनी आणि कमी पैशांत तपासता येतात. कॉलमपर्यंत सगळ्यात शेवटी जायचं.

मात्र त्याआधी एक गोष्ट, आणि तिला अपवाद नाही. इशारा दिसत असताना, आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना मोकळं फिरतंय याची हाताने खात्री केलेली नसताना, गाडी एक फूटही हलवायची नाही. इंजिन सुरू झालं म्हणजे गाडी चालवण्याजोगी झाली, असं या गाडीत समजू नका.

आत काय चालतं

बहुतेक जुन्या गाड्यांत किल्लीचं कुलूप स्टिअरिंग कॉलमवरच असतं. किल्ली काढली की एक खिटी पुढे सरकते आणि कॉलम अडकतो. सगळा मामला यांत्रिक. सी-5 मध्ये किल्लीची जागा डॅशबोर्डवर आहे. तिचा कॉलमशी लोखंडाचा काहीही संबंध नाही, फक्त तारांचा आहे. कॉलमवर एक छोटी मोटर बसवलेली आहे. किल्ली काढली की गाडीचा बॉडी कंट्रोल मोड्यूल, म्हणजे बीसीएम हा छोटा संगणक, त्या मोटरला हुकूम देतो आणि खिटी आत जाते. किल्ली घालून फिरवली की उलटा हुकूम जातो आणि खिटी बाहेर येते. खिटी खरोखर सुटली का, हे बीसीएमला विजेच्या संकेतावरूनच कळतं.

खिटी सुटल्याची खबर आली नाही, तर इंजिनाचा संगणक, म्हणजे पीसीएम, एक खबरदारी घेतो. इंजिन सुरू होऊ देतो, पण चाकं जेमतेम हलू लागली की इंधन तोडतो. स्टिअरिंग अडकलेलं असताना गाडीने वेग घेऊ नये, हा हेतू. कल्पना चांगली होती, पण तीसुद्धा विजेवरच अवलंबून. पीसीएमला मिळणारा दाब कमी पडला किंवा मध्येच तुटला, तर इंधन तोडलं जाईलच याची खात्री उरत नाही. मग गाडी वेग घेऊ शकते आणि स्टिअरिंग मात्र वळत नाही. याच कारणाने 2004 साली अमेरिकेत 1997 ते 2004 च्या कॉर्व्हेटसाठी रिकॉल निघाला, म्हणजे कंपनीने गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. ऑटोमॅटिक गाड्यांचं कॉलम लॉक निकामी करायचं आणि मॅन्युअल गाड्यांच्या संगणकाचं प्रोग्रॅमिंग बदलायचं, असा त्यातला उपाय होता.

दोन गाड्यांना दोन वेगळे न्याय का? अमेरिकन सुरक्षा नियमाप्रमाणे किल्ली काढल्यावर इंजिन सुरू होता कामा नये, आणि त्याशिवाय एकतर स्टिअरिंग अडकलं पाहिजे किंवा गाडी स्वतःच्या बळावर पुढे जाता कामा नये. ऑटोमॅटिक गाडी पार्कमध्ये अडकते, त्यामुळे तिची दुसरी अट आपोआप पुरी होते. मॅन्युअलला ती सोय नाही, म्हणून तिथे लॉक ठेवावं लागलं. परिणाम असा, की रिकॉलचं काम झालेल्या मॅन्युअल गाडीतही हे इशारे आजही येऊ शकतात. सेकंडहँड घेताना 'रिकॉल झालाय' एवढं ऐकून निर्धास्त होऊ नका. गिअर कुठला आहे, ते आधी बघा.

आधी तक्रार ओळखा

लोक सगळ्याला मिळून 'किल्लीचा प्रॉब्लेम' म्हणतात. प्रत्यक्षात तीन वेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी.

पहिला: किल्ली फिरते, दिवे लागतात, पण सेल्फ फिरतच नाही आणि सिक्युरिटीचा इशारा दिसतो. ही चोरीविरोधी यंत्रणेची तक्रार आहे. कॉलमचा इथे संबंध नाही.

दुसरा: इंजिन व्यवस्थित सुरू होतं, पट्टीवर कॉलम लॉकचा किंवा किल्ली काढायला सांगणारा इशारा असतो, आणि गिअर टाकून जरा हलवलं की इंजिन बंद पडतं. ही कॉलम लॉकची तक्रार. लक्षात घ्या, बंद पडणं हा बिघाड नाही. यंत्रणा तिचं काम करते आहे.

तिसरा: इशाऱ्यांची माळच लागते. एबीएस, ट्रॅक्शन, कॉलम लॉक, सगळे एकामागून एक. किल्ली किंचित हलवली की काही जातात, काही नवे येतात. असं दिसलं तर एकाही इशाऱ्याच्या नावामागे धावू नका. सगळ्यांना पुरेसा वीजदाब मिळत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ. बॅटरी, अर्थिंग आणि इग्निशन स्विच हे तीन संशयित.

पहिली पायरी: इशारा सांगतो ते तंतोतंत करा

'पुल की, वेट 10 सेकंद' दिसलं, तर किल्ली बंद स्थितीत आणा, पूर्ण बाहेर काढा आणि खरोखर दहा सेकंद थांबा. घाईत अर्धवट काढून पुन्हा खुपसली तर बीसीएमला नवी सुरुवात मिळत नाही. पुढच्या वेळी किल्ली घालताना एका हाताने स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे हलवत राहा. गाडी उभी करताना पुढचं चाक फुटपाथच्या कडेला टेकलेलं किंवा पूर्ण वळवलेलं असेल, तर टायरचा ताण कॉलमवर येतो आणि खिटी दाबून धरली जाते. मोटर लहान आहे. तो ताण तिला झेपत नाही. हाताने ताण सोडला की खिटी अनेकदा लगेच सुटते.

हे करताना रेडिओ आणि पंखा बंद ठेवा, दार लावून घ्या आणि कान द्या. किल्ली घालताना-फिरवताना आणि काढल्यावर कॉलमच्या बाजूने छोट्या मोटरची घरघर आणि शेवटी 'टक्' असा आवाज यायला हवा. घरघर आली पण टक् आलं नाही, तर खिटी अडकली आहे. दोन्ही नाही, तर मोटरला वीज किंवा हुकूम पोहोचत नाही. आणि दोन्ही नीट ऐकू येऊनही इशारा जात नसेल, तर खिटी सुटली आहे, पण सुटल्याची खबर पोहोचत नाहीये. एवढ्या एका आवाजावरून पुढची अर्धी शोधाशोध वाचते, म्हणून हे सावकाश करा. रिकॉलमध्ये किंवा आधीच्या मालकाने लॉक निकामी केलेलं असेल, तर अर्थातच आवाज येणार नाही. गाडीच्या कागदांत तशी नोंद आहे का, पाहून घ्या.

इशारा गेला, स्टिअरिंग मोकळं झालं, तरी तिथेच विषय संपवू नका. आज ताण होता म्हणून झालं, की बॅटरी मरायला टेकली म्हणून झालं, हे अजून कळलेलं नाही.

दुसरी पायरी: बॅटरी

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन. हातात मल्टीमीटर नसला तरी चालेल. डॅशबोर्डवरच्या बटणांपैकी 'गेजेस' दाबत गेलात की बॅटरीचा दाब आकड्यात दिसतो. तरीही साधा मल्टीमीटर घेऊन ठेवाच, पुढे लागणार आहे.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी काहीही चालू न करता, बॅटरीच्या टोकांवर दाब मोजा. 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली. 12.4 म्हणजे साधारण पाऊण. 12.2 म्हणजे अर्धी, आणि 12 च्या खाली ती उतरलेलीच समजा. आता घरातल्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकड्यावर नजर ठेवा. गाडी गिअरमध्ये नसावी आणि हँडब्रेक ओढलेला असावा. दाब 9.6 च्या खाली कोसळला, तर बॅटरी उभ्याने चांगली दिसत असली तरी आतून गेलेली आहे. कॉलम लॉकच्या बाबतीत हीच बॅटरी सर्वात फसवी, कारण दिवे लागतात, इंजिनही कसंबसं सुरू होतं, आणि त्या एका क्षणाच्या खड्ड्यात बीसीएम गोंधळतो. इंजिन सुरू झाल्यावर आकडा 13.5 ते 14.5 च्या दरम्यान यायला हवा. नाही आला तर अल्टरनेटरकडे बघा.

उतरलेली बॅटरी शेजाऱ्याच्या गाडीवरून जंप देऊन उठवायचा मोह होतो. रस्त्यात अडकला असाल तर ठीक, पण घरी असाल तर रात्रभर हळू चार्जर लावा. जंप देऊन लगेच गाडी सुरू करताना दाब वरखाली होतो, आणि आपण नेमका त्याच आजाराचा माग काढतो आहोत.

आता झाकणाखाली बघा. सी-5 ची बॅटरी इंजिनाच्या कप्प्यात उजव्या बाजूला आहे आणि तिच्या खालच्या बाजूला इंजिनाचा संगणक आणि तारांचे जुडगे आहेत. बॅटरीतून आम्ल गळलं तर ते थेट त्यांच्यावर उतरतं. बॅटरी बाहेर काढून ट्रे उचला आणि टॉर्च मारा. तारांवर पांढरी-हिरवी भुकटी, फुगलेलं किंवा ठिसूळ झालेलं आवरण, रंग उडालेली पट्टी, यातलं काहीही दिसलं तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवलेल्या कापडाने आम्ल मारा, स्वच्छ पाण्याच्या ओल्या कापडाने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. तार आतून काळी पडली असेल तर ती कापून नवी जोडावीच लागते. नवी बॅटरी घेताना एजीएम प्रकारची घ्या. थोडी महाग पडते, पण तिच्यात मोकळं आम्ल डुचमळत नाही, आणि या गाडीत बॅटरीखाली काय आहे ते बघता ते पैसे वसूल आहेत.

टर्मिनल या गाडीत बॅटरीच्या कुशीवर, बोल्टने आवळायचे आहेत. बोल्टचं डोकं 8 मिलिमीटरच्या पान्याला बसतं. ते सैल असतील तर सगळे भास होतात, आणि जास्त आवळले तर बॅटरीतलं मऊ शिसं फाटून तिथूनच गळती सुरू होते. साधारण 15 न्यूटन-मीटर पुरे. हाताने म्हणाल तर घट्ट बसल्यावर अगदी थोडं. आवळण्याआधी दोन्ही तोंडं तारेच्या ब्रशने चकचकीत करा. बॅटरी सोडताना किल्ली बाहेर काढलेली असू द्या आणि आधी ऋण टोक सोडा. जोडताना ते शेवटी.

तिसरी पायरी: अर्थिंग

बॅटरी ठणठणीत आणि तरी इशारे येत असतील, तर चौकटीला जोडलेल्या अर्थच्या तारा तपासा. सी-5 चं बाहेरचं अंग फायबरचं आहे, त्यामुळे अर्थ हवा तिथे पत्र्याला चिकटवता येत नाही. पुढच्या भागातल्या अनेक तारा हेडलाइटच्या मागे-खाली, दोन्ही बाजूंना, चौकटीवरच्या मोजक्या बोल्टांवर एकत्र येतात. रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यांत हे बोल्ट आधी गंजतात.

मोजायचं असं: हेडलाइट आणि पंखा चालू करा, मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर आणि दुसरं चौकटीवरच्या अर्थ बोल्टवर ठेवा. आकडा 0.1 व्होल्टच्या आसपास किंवा त्याखाली असावा. 0.2 च्या वर जात असेल तर बोल्ट सोडा, चकत्या आणि चौकटीची जागा घासून उघडी करा, परत आवळा आणि वरून गंजरोधक ग्रीस लावा. बोल्ट डोळ्यांना चांगला दिसला, तरी मोजायचं टाळू नका.

चौथी पायरी: गाडीलाच विचारा

ही सोय मला या गाडीची सगळ्यात आवडती वाटते. बाहेरचा स्कॅनर न लावता सी-5 स्वतःचे दोष-कोड डॅशबोर्डवर वाचून दाखवते. किल्ली चालू स्थितीत न्या, इंजिन सुरू करू नका. समोर आलेले इशारे 'रिसेट' दाबून घालवा. मग 'ऑप्शन्स' दाबून धरा आणि ते धरलेलं असतानाच 'फ्यूएल' चार वेळा दाबा. पट्टीवर एकेका संगणकाचा क्रमांक आणि त्याचे कोड आपोआप सरकू लागतील: 10 म्हणजे इंजिनाचा पीसीएम, 28 म्हणजे एबीएस आणि ट्रॅक्शन, 40 म्हणजे बीसीएम, 60 म्हणजे डॅशबोर्डचे काटे, ए-0 आणि ए-1 म्हणजे डावं आणि उजवं दार.

प्रत्येक कोडच्या शेवटी 'सी' किंवा 'एच' असेल. 'सी' म्हणजे दोष आत्ता हजर आहे, 'एच' म्हणजे पूर्वी कधीतरी येऊन गेला. जुन्या गाडीत 'एच' चा ढीग असतो, घाबरू नका. मोबाइलवर व्हिडिओ काढून सगळे लिहून घ्या, आणि त्यानंतरच पुसा. लिहून न घेता पुसलेला कोड हा हातातून गेलेला पुरावा आहे. पुसल्यावर किल्ली काढा, दहा सेकंद थांबा, पुन्हा घाला आणि परत वाचा. जे लगेच परत आले, त्यांच्यामागे लागा.

40 खाली कॉलम लॉकशी संबंधित कोड 'सी' म्हणून उभा आहे आणि बाकीचे मोड्यूल गप्प आहेत, तर कॉलमवर संशय घ्यायला आता जागा आहे. पण पाच मोड्यूल मिळून संपर्क तुटल्याची किंवा दाब कमी असल्याची तक्रार करत असतील, तर मागच्या दोन पायऱ्यांवर परत जा. तिथे काहीतरी राहून गेलं आहे. एखाद्या मोड्यूलपुढे 'नो कॉम' येतं, म्हणजे तो बोलतच नाहीये. मात्र तुमच्या गाडीत तो भागच बसवलेला नसेल तरीही हेच दिसतं.

पाचवी पायरी: किल्ली

सेल्फ फिरत नाही आणि सिक्युरिटीचा इशारा आहे, असं असेल तर इथूनच सुरुवात करा. सी-5 च्या किल्लीच्या पात्यावर एक काळा चौकोनी ठिपका दिसतो. त्यात रेझिस्टर, म्हणजे विजेला ठरावीक रोध करणारा भाग आहे. पास-की 2 नावाच्या यंत्रणेत असे 15 वेगवेगळे रोध ठरलेले आहेत, 402 ओहमपासून 11,800 ओहमपर्यंत, आणि तुमच्या गाडीला त्यातला एकच चालतो. किल्लीचे दात जुळले तर कुलूप फिरतं, पण रोध जुळला नाही तर सेल्फ बंद. चुकीचा रोध वाचला गेला की यंत्रणा साधारण 3 मिनिटं दार लावून बसते. तेवढा वेळ थांबा. मध्ये मध्ये किल्ली फिरवून उपयोग होत नाही.

मल्टीमीटर ओहमवर लावा आणि ठिपक्याच्या दोन्ही बाजूंच्या धातूवर टोकं टेकवा. आकडा लिहून ठेवा. दुसरी किल्ली असेल तर तिचाही मोजा. दोन्ही जवळजवळ सारखे यायला हवेत. आकडा नाचत असेल किंवा काहीच दाखवत नसेल, तर ठिपका मळला आहे किंवा किल्ली झिजली आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ठिपका आणि किल्ली दोन्ही पुसा. किल्ली जाते त्या कुलपाच्या सिलिंडरच्या आतही अल्कोहोलच, तेही थोडंच. कुलपात पेन्सिलच्या शिशाची पूड, म्हणजे ग्रॅफाइट, टाकायची आपल्याकडची जुनी सवय इथे घातक आहे. ग्रॅफाइटमधून वीज वाहते आणि रोधाचं वाचन बिघडतं.

किल्ली स्वच्छ, आकडा बरोबर, आणि तरी सेल्फ कधी फिरतो कधी नाही, असं असेल तर सिलिंडरच्या आतले स्पर्श किंवा त्याच्या मागून निघणाऱ्या दोन बारीक तारा कमकुवत झाल्या आहेत. तो आकडा मात्र जपून ठेवा. दोन्ही किल्ल्या हरवल्या तर किल्लीवाल्याला 15 पर्यायांतून शोध घ्यावा लागतो. आकडा हातात असला तर एकदाच कापून काम होतं. रिमोटचा सेल उतरला, म्हणून गाडी सुरू होत नाही असं मात्र नाही. दार उघडणं वेगळं आणि हे वेगळं.

सहावी पायरी: पायाशी ओल आणि किल्लीमागचा स्विच

शेजारच्या सीटच्या पायाशी गालिचा दाबून बघा. बीसीएम आणि फ्यूजची पेटी तिथेच, गालिच्याखालच्या फळीमागे आहे. काचेच्या खालच्या पन्हाळीत पानं साचून पाणी तुंबलं किंवा एसीच्या पाण्याची नळी चोंदली, की पाणी नेमकं तिथे उतरतं. ओल लागली तर आधी पाणी कुठून येतं ते बंद करा, मग फळी काढून सगळं वाळवा, कनेक्टर सोडून आतल्या पिनांवर हिरवट गंज आहे का ते पाहा. कॉलम लॉकचा फ्यूज पेटीच्या यादीत बघून काढा, उजेडात धरा, आणि गेलेला असेल तर त्याच अँपिअरचा लावा. लगेच पुन्हा उडाला तर मोठा फ्यूज लावून भागवू नका. तार कुठेतरी टेकते आहे.

इग्निशन स्विच झिजल्याची खूण सोपी आहे. चालू स्थितीत किल्लीला बोटाने अगदी हलका धक्का द्या. पट्टीवरचे इशारे बदलले, काटे थरथरले, तर आतले स्पर्श जळालेले आहेत. स्विच काढायला डॅशबोर्डची काही आवरणं उतरवावी लागतात. हात सराईत असेल तर एका सुट्टीच्या दिवसाचं काम. नसेल तर मेकॅनिकला द्या, पण स्विचच तपासायला द्या, 'इशारे येतात' एवढंच सांगून गाडी सोडून येऊ नका.

मग कॉलम

इथवर सगळं निर्दोष निघालं, आणि तरी 40 खाली तोच कोड, घरघर नाही किंवा टक् नाही, तर बिघाड खरंच लॉकमध्ये आहे. आता दोन वाटा. मोटरचा संच बदलायचा, किंवा लॉक कायमचं निकामी करायचं. माझं मत दुसऱ्या वाटेकडे झुकतं, पण एका अटीवर: निकामी करणं म्हणजे नुसती तारांची डबी जोडणं नव्हे. बाजारात मिळणारी बायपास डबी बीसीएमला 'खिटी सुटलेली आहे' असं सांगत राहते. इशारा जातो, पण खिटी आणि तिची खाच असलेली चकती आत तशीच राहते. लॉक सुटलेल्या अवस्थेत नसताना ती डबी बसवली, तर संगणकाला मोकळं वाटणारं स्टिअरिंग प्रत्यक्षात अडकलेलं असू शकतं. खिटीत अडकणारी चकतीच काढून टाकली, की स्टिअरिंग अडकायची शक्यताच राहत नाही. डबी आणि चकती, दोन्हींचा बंदोबस्त करा.

चकतीपर्यंत पोहोचायला एअरबॅग आणि स्टिअरिंग चाक काढावं लागतं. एअरबॅगचं काम घरी करू नका. उत्पादकाच्या पद्धतीने ती निष्क्रिय करणाऱ्या, हे काम पूर्वी केलेल्या माणसाकडेच द्या आणि काढलेली चकती हातात मागून घ्या. त्याआधी गाडीचा सतरा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक (व्हीआयएन) देऊन शेवरोलेच्या डीलरकडे रिकॉलची नोंद तपासा. ऑटोमॅटिक असेल आणि काम राहिलेलं असेल, तर तेच काम तिथे होऊ शकतं का ते विचारा. मॅन्युअल गाडीचं लॉक स्वतः काढलंत तर चोरीविरोधातला एक अडसर कमी होतो, हे विमा कंपनीला कळवा. आणि गाडी युरोपात असेल तर तिथले नियम वेगळे आहेत. स्टिअरिंग लॉक काढण्याआधी तिथल्या तपासणी केंद्रात विचारा.

अडकलेल्या अवस्थेत गाडी न्यायची झाली तर

टो करणाऱ्याला फोनवरच सांगा, की स्टिअरिंग लॉक आहे आणि गाडी जमिनीला टेकलेली, बुटकी आहे. तो सपाट ट्रक आणि चाकांखाली घालायच्या सरकत्या पाट्या घेऊन येईल. पुढची चाकं वळलेल्या स्थितीत अडकली असतील तर नुसती दोरी लावून ओढताना गाडी तिरकी जाते आणि बंपरचा पुढचा ओठ फुटतो. कॉलम सुटावा म्हणून स्टिअरिंगला जोर लावून झटके देऊ नका. खिटी वाकली तर साधं काम महागात जातं.

पोर्शच्या 986 बॉक्स्टर आणि 996 मॉडेलमध्येही किल्लीच्या मागचा विजेचा स्विच असाच झिजतो. तिथे तो कुलपापासून वेगळा, स्वस्त, दोन बारीक स्क्रूंवर बसवलेला भाग आहे, आणि किल्ली स्प्रिंगने परत येत नसेल तर पूर्ण कुलूप घेण्याआधी तोच बदलून बघावा. निस्सान 370 झेडच्या सुरुवातीच्या गाड्यांत कॉलमवरचं विजेवर चालणारं लॉकच दगा देतं आणि बटण दाबून काहीच होत नाही. गाड्या वेगळ्या असल्या तरी तपासाचा क्रम हाच लावा: बॅटरी, अर्थिंग, कोड, किल्ली, स्विच, आणि मग लॉक.

सी-5 विकत घ्यायला जाताना मल्टीमीटर खिशात ठेवा. इंजिन सुरू करायच्या आधी बॅटरीचा दाब मोजा, ट्रेखाली टॉर्च मारा, शेजारच्या सीटचा गालिचा दाबा, दोन्ही किल्ल्यांचे ओहम लिहून घ्या. किल्ली काढल्यावर आणि घातल्यावर कॉलमचा आवाज ऐका. कोड वाचा, आणि विकणाऱ्याने सकाळीच पुसलेले असतील अशी शंका आली तर गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून पुन्हा वाचा. लॉक निकामी केल्याचं तो सांगत असेल तर चकती काढल्याची पावती मागा. पावती नसेल, तर किल्ली बाहेर काढून स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवून बघा, आणि ते कुठेही अडकलं तर ही सगळी तपासणी आपल्यालाच करायची आहे, असं धरून किंमत बोला.